नाला खोल करायचा की त्याचा तळ वर आणायचा?

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मे महिना लागला की जिल्ह्याच्या पुरवणीत एक फोटो हमखास असतो, नाल्यात उतरलेला जेसीबी, काठावर टोप्या घातलेली मंडळी, नारळ फोडलेला आणि खाली ओळ, 'नाला खोलीकरणाचा शुभारंभ'. मी मूळचा माण तालुक्यातला, पोटापाण्यासाठी अमेरिकेत ॲरिझोना राज्यात टूसॉन शहरात असतो आणि ई-पेपर रोज वाचतो. पाण्याचा तज्ज्ञ वगैरे अजिबात नाही, काम सॉफ्टवेअरचं. पण इथं शनिवार-रविवारी जमेल तेव्हा रँचवर, म्हणजे गुरांच्या मोठ्या कुरणावर, ओढ्यात दगड लावायला जातो, त्यामुळे हा विषय निघाला की गप्प बसवत नाही. कारण इथं जे चाललंय ते आपल्या बरोब्बर उलट आहे, इथली माणसं खोल गेलेल्या नाल्यांचा तळ वर आणायच्या मागं लागलीत, आणि तेही हातानं, घोट्याएवढ्या उंचीच्या दगडांनी.

अमेरिका म्हटलं की लोकांना हिरवीगार शेतं नाहीतर बर्फ आठवतो, पण दक्षिण ॲरिझोना म्हणजे आपला जत-आटपाडी पट्टाच म्हणा, फक्त जास्त कोरडा. गवताळ भागात वर्षाला साधारण तीनशे ते चारशे मिलिमीटर पाऊस, त्यातला निम्म्याहून जास्त जुलै ते सप्टेंबरमध्ये, आणि त्याला इथंही मान्सूनच म्हणतात, हवामान खात्याच्या कॅलेंडरवर 15 जून ते 30 सप्टेंबर असा सीझन छापलेला असतो. पाऊस पडतो तो एक तास, धो धो, मग आठ दिवस काही नाही. ओढे वर्षभर कोरडे, वाळूचे, आणि त्या एका तासात त्यात मोटार वाहून जाईल एवढं पाणी येतं.

हे ओढे पूर्वी असे खोल नव्हते. रेल्वे टूसॉनला 1880 मध्ये आली आणि तिच्याबरोबर गुरांचा धंदा आला, लांबच्या भांडवलदारांनी पैसा लावला, दहा-बारा वर्षांत लाखो गुरं या माळावर सोडली. मग 1891 ते 1893 सलग दुष्काळ पडला, कित्येक ठिकाणी निम्म्याहून जास्त गुरं मेली, पण मरायच्या आधी त्यांनी गवत मुळापासून खाल्लं होतं. त्यावर पुन्हा पाऊस आला तो उघड्या जमिनीवर. गाडीवाटा, गुरांच्या पायवाटा, चर, जिथं जिथं पाण्याला एका रेषेत पळायला मिळालं तिथं घळ पडली, आणि घळ एकदा पडली की ती थांबत नाही, तिचं वरचं तोंड दर पावसाळ्यात मागं मागं सरकत जातं. पाणी त्या कडेवरून खाली पडतं, खालची माती पोखरतं, वरचा काठ ढासळतो, मग परत तेच. आज या भागात दोन-दोन पुरुष खोल ओढे आहेत, उभ्या भिंतींचे, आणि जुन्या नोंदी सांगतात की तिथं एके काळी कमरेएवढ्या गवतातून पाणी पसरून चालायचं.

यातला एक किस्सा तर आपल्यासाठीच घडलाय असं वाटतं. टूसॉन शहरातून सांता क्रूझ नावाची नदी जाते. सॅम ह्यूज म्हणून इथली त्या काळची एक मोठी असामी, त्यांनी 1887 च्या सुमारास नदीच्या पात्रात एक चर खणायला घेतला. हेतू चांगला, वाळूखालचं पाणी वर उघडं करायचं आणि खालच्या शेतांना द्यायचं. पुढं 1890 च्या ऑगस्टमध्ये मोठे पूर आले आणि त्या चराच्या वरच्या टोकाला घळीचं तोंड तयार झालं, ते शहराला वळसा न घालता सरळ उगमाच्या दिशेनं मैलोनमैल खात गेलं. काठची जमीन तुटली, पाट लोंबकळत राहिले कारण नदी त्यांच्याहून खाली गेली. पुढं शहरानं बोअर मारून मारून उरलेलं पाणीही उपसलं ती गोष्ट वेगळी, पण आज सांता क्रूझ शहरात कोरडी असते, दोन्ही काठ सिमेंट मिसळलेल्या मातीनं बांधून काढलेत, आणि 2019 पासून मध्यवस्तीत शुद्ध केलेलं सांडपाणी सोडतात म्हणून थोडं वाहतं, लोक कौतुकानं बघायला जातात. सगळा दोष एका चराचा नव्हता हे मान्य, गुरं होती, दुष्काळ होता, पण घळीला तोंड त्या चरानं दिलं.

आता रँचवर काय चालतं ते सांगतो. रँच म्हणजे आपल्यासारखी पाच-दहा एकराची वाडी नव्हे, हजारो एकर, आणि गवत एवढं विरळ की एका चौरस मैलाला दहा-पंधरा गाया म्हणजे बक्कळ झालं. त्यात मालकाची स्वतःची जमीन थोडी, बाकीची राज्याची किंवा केंद्राच्या वनखात्याची, चराईच्या परवान्यावर घेतलेली. म्हणजे गायरानच, पण कागदपत्रं पक्की. मी जातो त्या रँचचं नाव लिहीत नाही, खासगी जागा आहे. सकाळी सातला जमायचं, बूट जाड पाहिजेत, हातमोजे पाहिजेत, आणि दगड उचलताना आधी पायानं उलटा करायचा, खाली विंचू असतो, उन्हाळ्यात खुळखुळ्या साप पण.

जो बांध घालतात त्याला इथं वन रॉक डॅम म्हणतात, एका दगडाच्या उंचीचा बांध. आपल्याकडं अनघड दगडी बांध घालतात तो ज्यांनी श्रमदानात घातलाय त्यांना हा बघून हसू येईल, बांध कसला, फरशी वाटते. ओढ्याच्या रुंदीभर दगड लावायचे, पण एकावर एक नाही, एकाच थरात, चार-पाच ओळी एकमेकीला चिकटून. सगळ्यात खालची ओळ थोडी जमिनीत बसवायची. दगड आडवा टाकायचा नाही, उभा खोचायचा, शेजारच्याला घट्ट, पायानं हलवून बघायचं आणि हलला तर काढून परत लावायचं. मधला भाग किंचित खाली ठेवायचा म्हणजे पाणी मधून जातं आणि काठ खात नाही. दगड त्याच ओढ्यातून किंवा लगतच्या उतारावरून उचलायचे नाहीत, कारण ते तिथली माती धरून बसलेले असतात, एका ठिकाणचं ठिगळ दुसऱ्या ठिकाणी भोक. म्हणून ट्रकनं लांबून आणायचे. अर्धा दिवस आठ-दहा माणसं राबली की दोन-तीन बांध होतात, पाठीचा काटा ढिला होतो.

ही पद्धत ज्यांनी घडवली ते बिल झीडिक, अमेरिकेच्या वनखात्यात तीसेक वर्षं काढून रिटायर झालेले वन्यजीव अधिकारी. त्यांचा मुद्दा सोपा आहे, पाणी अडवायला जाऊ नका, त्याचा वेग थोडा कमी करा, बाकी काम ते स्वतः करतं. एका दगडाच्या उंचीवर पाणी जरासं अडखळतं, अडखळलं की हातातली माती खाली टाकतं, त्या मातीत गवताचं बी असतं. पहिल्या पावसानंतर मागं बोटभर गाळ दिसतो. वर्षा-दोन वर्षांत दगड गाळात बुडतात, त्यावर गवत येतं, मग त्याच्यावर पुढचा थर. जिथं घळीचं तोंड आहे तिथं दगडांची वाटीसारखी पायरी करतात, म्हणजे पाणी धप्पकन न पडता उतरतं, त्याला झुनी लोकांचं नाव दिलंय, न्यू मेक्सिकोतले इथले जुने आदिवासी, ओहोळाच्या पाण्यावर मका पिकवणारे. आणि सपाट जागी अर्धचंद्राकार दगडांची ओळ, जी पाणी एका ओघळीत जमू देत नाही, माळभर पसरवते.

तुम्ही म्हणाल मग उंच बांध का नको. इथं ते करून झालंय. 1930 च्या दशकात मंदी होती तेव्हा सरकारनं बेकार पोरांच्या तुकड्या केल्या आणि त्यांच्याकडून या भागात ढिगानं बांध घालून घेतले. आपल्या 72 च्या दुष्काळातल्या रोजगार हमीसारखं. त्यातले काही अजून उभे आहेत, पण कित्येक ठिकाणी बांध जागेवर आणि ओढा त्याच्या बगलेतून गेलेला, नवीन घळ पाडून. उंच भिंतीवरून पाणी पडलं की पायथा उकरतं, हे आपल्याकडच्या सिमेंट बंधाऱ्यांखाली जाऊन कुणीही बघू शकतो.

हे सगळं हौशी लोकांचं खूळ आहे असं मलाही कुणी म्हटलं असतं तर मी वाद घातला नसता, पण मोजमाप झालंय. चिरिकावा डोंगरात एल कोरोनाडो नावाची रँच आहे, 1980 च्या दशकात व्हॅलर क्लार्क आणि जोसाया ऑस्टिन या जोडप्यानं घेतली आणि मेक्सिकन कामगारांकडून ओढ्या-ओढ्यात हजारो सुट्या दगडांचे बांध घातले, वर्षानुवर्षं. मग खालच्या लोकांचा नेहमीचा प्रश्न आला, वर अडवलं तर आमचं पाणी कमी होणार. इथं पाण्याचा हक्क जुना आधी, नवा नंतर असा असतो, कोर्टकचेऱ्या होतात. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यातल्या लॉरा नॉर्मन आणि त्यांच्या टीमनं शेजारशेजारच्या दोन पाणलोटांची तुलना केली, एकात बांध घातलेले, दुसरं तसंच सोडलेलं. बांधवाल्यात पुराचा लोंढा कमी झाला हे अपेक्षितच होतं, पण एकूण वाहिलेलं पाणी बिनबांधवाल्यापेक्षा 28 टक्के जास्त निघालं. म्हणजे वरच्यांनी दगड लावले तर खालच्यांचं पाणी वाढलं, कारण ते जमिनीत थांबून हळूहळू आलं. याच क्लार्क-ऑस्टिन मंडळींनी सीमेपलीकडं मेक्सिकोतल्या सोनोरात सान बर्नार्डिनो ओढ्यात मोठे जाळीचे बंधारे टाकलेत, तिथं कोरड्या घळीत गाळ भरून आता विलो आणि कॉटनवुडची झाडं उभी आहेत आणि पाणी दिसतं. मध्ये अमेरिका सरकारनं त्याच भागात सीमेची भिंत घातली आणि काँक्रीटसाठी जवळपासच्या बोअरचं पाणी उपसलं, असो, सरकारं सगळीकडं सारखीच.

दगड हा सोपा भाग आहे. अवघड भाग गवत. बांध घातला आणि वर गुरं तशीच सोडली तर दोन पावसात सगळं वाहून जातं, म्हणून इथले रँचवाले आधी चराईची शिस्त लावतात, एका कुरणाला पावसाळ्यात विश्रांती, पुढच्या वर्षी दुसऱ्याला. आता कुणाला पूर्ण वर्षभर कुरण मोकळं ठेवायचंय तर गुरं न्यायची कुठं? ॲरिझोना-न्यू मेक्सिकोच्या कोपऱ्यात मालपाई बॉर्डरलँड्स ग्रुप आहे, 1994 पासून, आठेक लाख एकरांवर पसरलेला, आपले दोन तालुके सहज मावतील. त्यांनी गवताची बँक काढली. शेजारची एक प्रचंड रँच आपलं गवत देते, दुष्काळात सापडलेल्या शेजाऱ्यानं गुरं तिथं न्यायची आणि बदल्यात स्वतःच्या जमिनीवर प्लॉटिंग कधीच होणार नाही असा कायमचा करार लिहून द्यायचा. पैशाच्या ऐवजी गवतात व्यवहार. मला हे फार आवडलं, कारण शेतकऱ्याला 'निसर्ग वाचवा' म्हणून कुणी प्रवचन दिलं नाही, त्याची अडचण ओळखून सौदा केला. हेच रँचवाले आणि पर्यावरणवाले आधी एकमेकांचं तोंड बघत नव्हते, अजूनही सगळीकडं गोडीगुलाबी नाहीच. जास्त गुरं दाटीवाटीनं फिरवली की जमीन सुधारते असाही एक पंथ आहे, झिम्बाब्वेच्या ॲलन सेव्हरींचा, त्यावर शास्त्रज्ञांचं अजून जोरदार भांडण चालू आहे, मला विचाराल तर तीनशे मिलिमीटरच्या जागी जपून.

आणि गवत कुठलं, हा प्रश्न तर आपल्याशी थेट जोडलेला निघाला. धूप थांबवायला म्हणून सरकारी खात्यांनी 1930 च्या दशकात बाहेरून गवतं आणली. एक दक्षिण आफ्रिकेतलं, लेहमन लव्हग्रास, ते आता एवढं पसरलंय की मूळचं काळं ग्रामा गवत कित्येक माळांवर शोधावं लागतं. दुसरं इथं बफेलग्रास म्हणतात ते, म्हणजे आपलं अंजन. हो, तेच अंजन, जे आपल्याकडं चाऱ्यासाठी लावा म्हणून सांगतात. इथल्या वाळवंटात ते जळायला उत्तम, वणवा पेटला की सग्वारोसारखे शंभर-दीडशे वर्षांचे निवडुंग मरतात, म्हणून 2005 मध्ये ॲरिझोनानं त्याला घातक तण जाहीर केलं आणि लोक रविवारी पहार घेऊन ते उपटायला डोंगरात जातात. याउलट मेस्किट नावाचं काटेरी झाड माळभर माजलंय, ते आपल्या येडी बाभळीचं सख्खं भावंड, आपली येडी बाभळ मूळ इकडच्याच खंडातली. आणि टेकडीच्या उतारावर चालताना मोज्यात टोचणारं कुसळ बघितलं तर ते सेम टू सेम आपलं कुसळी गवत, वनस्पतीशास्त्रात पण एकच जात. ते मात्र इथलं स्वतःचं आहे, कुणी आणलेलं नाही. मोज्यातून कुसळं काढायचं काम मी लहानपणी केलंय, इथंही तेच करतो.

आता आपल्याकडं येतो. जलयुक्त शिवारात 2014 नंतर जे झालं त्यातलं सगळं वाईट होतं असं मी म्हणत नाही, समतल चर, दगडी बांध, माथा ते पायथा हे शब्द गावागावात पोचले ते त्याच काळात, पानी फाउंडेशनच्या स्पर्धेत तर म्हाताऱ्या बायांनी टिकाव हाणले. पण पैसा सगळ्यात सोपा कुठं खर्च होतो तर मशीनमध्ये, तासाचं भाडं, ब्रासचा हिशोब, बिल लगेच निघतं. कॅगनं 2020 च्या रिपोर्टमध्ये म्हटलं की साडेनऊ हजार कोटींच्या वर खर्चून भूजलावर फारसा फरक दिसला नाही. बंधाऱ्यामागं साठलेला गाळ काढून शेतात टाकणं वेगळं, त्याला माझा विरोध नाही, उलट पाठिंबा. खोलीकरण यशस्वी झालं म्हणून धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरचं उदाहरण सगळे देतात, पण ते तापीकाठच्या जाड गाळाच्या थरातलं, आणि तिथं खोदाईबरोबर बंधाऱ्यांची साखळी होती. आमच्या माणमध्ये हातभर मातीखाली मुरूम, मग कातळ. तिथं नाल्याचा तळ दहा फूट खाली नेला तर शेजारच्या शेतातलं, विहिरीच्या वरच्या थरातलं पाणी निथळून नाल्यात येणार आणि वाहून जाणार, मग चार दिवस नाला भरलेला दिसतो तो कुणाच्या पाण्यानं भरला हे विचारायचं नाही का? वरच्या टोकाला जिथं जेसीबी थांबला तिथं उभी कड राहते. पुढच्या पावसात त्या कडेचं काय होणार हे सांता क्रूझनं 1890 मध्येच दाखवून दिलंय.

दुसरं म्हणजे माळरान. आपल्याकडं सरकारी भाषेत माळ म्हणजे पडीक, त्यावर खड्डे घेऊन झाडं लावली की काम झालं, नाहीतर सोलर पार्क. चारशे-पाचशे मिलिमीटरच्या माळावर माती धरून ठेवणारं झाड नसतं, गवत असतं, पवना, मारवेल, डोंगरी. मेंढपाळाला वनखातं हुसकून लावतं आणि ठेकेदाराला रोपांचं टेंडर देतं. हिवरे बाजारनं चराईबंदी केली ती गावानं मिळून, बदल्यात कापून न्यायला चारा मिळेल हे बघून, म्हणून टिकली. मेंढपाळांशी असा गवताचा सौदा एखाद्या तालुक्यात करून बघायला काय हरकत आहे, त्यांना पावसाळ्यात जायला राखलेलं दुसरं रान द्यायचं, बदल्यात धूप झालेला माळ दोन पावसाळे मोकळा. इथल्या रँचवाल्याकडं परवाना असतो, करार असतो म्हणून तो सौद्याला बसू शकतो. आपल्या मेंढपाळाकडं तो कागदच नाही, सुरुवात तिथून करावी लागेल.

माझी आपल्याला एक विनंती आहे. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींच्या पातळ्या वर्षातून चार वेळा मोजते, आकडे त्यांच्याकडं असतात. ज्या नाल्यांचं खोलीकरण होऊन पाच-सात वर्षं झाली त्यांच्या वरच्या आणि खालच्या अंगाच्या विहिरींचे ऑक्टोबर आणि मार्चचे आकडे आपल्या पेपरनं माहिती अधिकारात मागवून शेजारीशेजारी छापावेत, एका तालुक्याचे का होईना. मी चुकीचा असेन तर त्यातून लगेच कळेल. आणि वाचकांपैकी ज्यांच्या शिवारात असा नाला आहे त्यांनी पावसाळा संपला की वरच्या टोकापर्यंत चालत जाऊन बघावं, कड किती फूट मागं सरकली, कुणाचा बांध तुटला, आणि आपल्याकडं लिहून पाठवावं. इकडं बसून मी ते वाचेन.

आपला नियमित वाचक,
टूसॉन, ॲरिझोना (मूळ गाव तालुका माण, जिल्हा सातारा)